भिंतीवरची काचपट्टी

कोणाच्याही घरी गेला की हेमकांत आधी भिंतींचे कोपरे बघायचा. चहा बशीत ओतला की लगेच प्यायचा नाही. तरंग थांबेपर्यंत पाहत राहायचा. बोलता बोलता एक तळहात दुसऱ्याखाली सरकवायचा, इतका हळू की समोरच्याला कळतही नसे.

लखनला कळायचं. शहाद्याच्या कॉलेजात दोघं बरोबर होते. पुढे लखननं साहित्य घेतलं, हेमकांतनं भूगर्भशास्त्र. आता तो पुण्यात संथ भूकंपांवर काम करत होता.

"म्हणजे कासवाचा भूकंप," लखन म्हणायचा.

"हस तू. जपानजवळ समुद्राखाली जमिनीचा एक थर दुसऱ्याखाली शिरतो. कधी कधी त्यांच्या सांध्याचा वरचा, उथळ भाग आठवडाभर गुपचूप सरकत राहतो. घरातलं भांडंही वाजत नाही."

"मग बरंच की. ताण निघून गेला."

"तेच नक्की माहीत नाही. निघून गेला, की शेजारच्या अडकलेल्या भागावर जाऊन बसला?"

शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत हेमकांतच्या घराची मागची भिंत तडकलेली होती. काळी जमीन, उन्हात आकसते, पावसात फुगते. त्याच खोलीत त्याची आई, जसोदाबाई, झोपायची. दिवाळीत त्यानं भेगेवर आडवी काचपट्टी बसवली होती. भिंत सरकली तर काच तुटणार.

बहिणीच्या लग्नासाठी तो आला, तो लखनला घेऊन थेट मागच्या खोलीत. भिंत पांढरीशुभ्र. भेग नाही, काचही नाही.

"आई, काच कोठे शे?"

"फुटी गयी व्हती. फेकी दिधी," जसोदाबाई सुपारी कातरत म्हणाली. "लगीनना घरमा फुटकी काच कोनी ठेवस का? भेगबी बुजी दिधी. पाव्हना काय म्हनतीन?"

"कव्हय फुटनी?"

"ते काय ध्यानमा ठेवानं ऱ्हास का?"

काच कधी फुटली ते कळलं नाही, तर भिंत किती वेगानं सरकतेय तेही कळणार नव्हतं. हेमकांतनं नव्या सिमेंटवर बोट फिरवलं. तिथेही केसासारखी रेघ उमटली होती. तो आईकडे वळला.

"आजपासून पुढली खोलीमा झोप."

"सालोसाल सरकी ऱ्हायनी, पडनी का? तू तुन्हा समिंदर मोज." मग मुलाचा चेहरा बघून ती जरा नरमली. "लाव नवी काच. ती फुटनी त मी निघसू."

त्यानं पुन्हा विनवलं. ती हलेना. शेवटी तो म्हणाला, "बरं. दोन मिनिटनं काम शे."

त्यानं घमेल्यात प्लॅस्टर कालवलं आणि भेगेवर कोपऱ्याजवळ एका काचपट्टीचं एक टोक बसवलं. ते घट्ट होऊ लागलं तशी जसोदाबाई पाणी आणायला परसात गेली. लखन भेगेच्या खालच्या भागासाठी मोटारसायकलच्या डिकीतली दुसरी काच आणायला.

आवाज मोठा नव्हता. कोणी कापसाचं ओझं अंगणात टाकावं तसा. लखन काच हातात धरून उभा राहिला. मग धूळ आली. जसोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती आणि दारापुढे खोली नव्हती.

हेमकांतला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

लग्न पुढे ढकललं. जसोदाबाई आता पुढच्या खोलीत झोपते. मागचा कोपरा तेवढा उभा आहे. त्यावर काचपट्टी आहे, अखंड. एक टोक प्लॅस्टरमध्ये पक्कं बसलंय. दुसरं मोकळंच आहे. ते चिकटवायचं राहिलं.