कोनशिलेवर न कोरलेलं नाव

मी तोंडाची फटकळ. वॉर्ड ऑफिसात सारी नोकरी काढली, पण शिपायापासून इंजिनियरपर्यंत एकालाही सोडलं नाही. "बाई आल्या, फायली सरळ करा रे," असं पोरं एकमेकांना म्हणायची आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू! आता लिहायचंय ते मात्र त्या फटकळपणाचं नाही. खरं बोलायची वेळ आली तेव्हा या बाईने काय केलं, ते लिहायचंय.

परळच्या एका गल्लीत पालिकेचं जुनं प्रसूतिगृह होतं. छत गळायचं, म्हणून ते बरीच वर्षं बंद होतं. आमच्या महापौर बाई नगरसेविका असल्यापासून त्याच्या मागे लागल्या होत्या. त्यांची स्वतःची दोन्ही बाळंतपणं तिथली. अर्ज, पत्रं, सभागृहात आरडाओरडा, सगळं करून शेवटी त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं आणि उद्घाटनाची तारीख ठरली.

तेव्हा राज्यात सरकार एका पक्षाचं आणि पालिकेत सत्ता दुसऱ्याची. मुंबईच्या महापौराला मान मोठा, गाडी मोठी, पण सही चालणार आयुक्तांची, आणि आयुक्त नेमणार सरकार. म्हणजे भांडायला उरतो काय, तर मान. नारळ कोण फोडणार, कार्डावर कोणाचं नाव वर, बॅनरवर कोणाचा फोटो मोठा. मी ऑफिसात म्हणायचे, "यांच्यापेक्षा नळावर भांडणाऱ्या बायका बऱ्या, निदान हंडा तरी भरतो." सगळे हसायचे.

उद्घाटनाला आठ दिवस असताना आमच्या वॉर्डाच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कार्यक्रमांचं काम माझ्याकडे असायचं, कोनशिलेचा मजकूर माझ्या सहीने जायचा. साहेब म्हणाले, "कोनशिलेवर फक्त उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यांचं नाव ठेवा. महापौरांचं नको. वरून फोन आलाय."

"लेखी द्या," मी म्हटलं.

"अशा गोष्टी लेखी कोण देतं, बाई? कार्डावर आहे ना त्यांचं नाव? दगडावर राहून गेलं, इतकंच."

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मी दुसरा कागद घेतला, मजकूर परत लिहिला, नाव गाळलं आणि खाली सही केली.

कोनशिला कोरायचे ते गिरगावातले दादा. आमच्याच वाडीत राहायचे, मालवणकडचे, साठी उलटलेले. आधी लाल रंगाने दगडावर अक्षरं काढायची, गिऱ्हाइकाला फोन करून एकेक ओळ वाचून दाखवायची आणि मगच छिन्नी लावायची, ही त्यांची पद्धत. एवढ्या वर्षांत एक वेलांटी चुकली नव्हती, आणि ते हे ज्याला त्याला सांगायचे.

त्यांचा मला फोन आला. "ताई, महापौर बाईंचा नाव दिसत नाय. रवला काय?"

"आहे तसं कोरा."

"नाय, मंत्र्यांच्या खाली एका ओळीची जागा सोडून ठेवतंय. मागाहून सांगितलात तर कोरूक येईल. तुमका बोल लागूक नको."

"दादा, जास्त शहाणपणा नको," मी खेकसले आणि फोन ठेवला.

उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. महापौर बाई हसत पुढे झाल्या, दगड वाचला, परत वरपासून वाचला. मंत्र्यांचं नाव, त्याखाली वीतभर कोरा दगड, आणि एकदम तारीख. त्या माझ्याकडे वळल्या. "माझं नाव कुठाय?"

माझ्या मागे साहेब उभे. ते नुसते खाकरले. पडद्याचे खिळे ठोकायला आलेले दादा भिंतीशी उभे होते, हातात हातोडी. आणि मी, जिच्यापुढे इंजिनियर चळचळा कापायचे ती मी, बोट दाखवून म्हणाले, "कोरणाऱ्याची चूक झालीय, मॅडम. बघा ना, जागासुद्धा सोडलीय. विसरले ते."

त्यांनी माझ्यासाठी सोडलेली जागा मी त्यांच्याच विरुद्ध वापरली. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात.

माझ्या सहीचा कागद दादांच्या खिशात होता. मला ठाऊक होतं, कारण दगड बसवताना ते मजकूर कायम जवळ ठेवायचे. त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात तसाच खाली घेतला. म्हणाले, "चुकला माझा."

महापौर बाईंचा सगळा राग त्यांच्यावर निघाला. मंत्र्यांवर काढणार कसा? कॅमेरे होते. "नाव लिहिता येत नाही तर छिन्नी कशाला धरता? वयाची तरी लाज बाळगा!" दादा मान खाली घालून ऐकत राहिले. वर मंत्री म्हणतात कसे, "असू द्या हो, गरीब माणूस आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाजूला उभा राहून पेढा खातोय. साहेबांनी माझ्या हातावर खरंच पेढा ठेवला होता, आणि मी तो खाल्ला.

संध्याकाळी दादा माझ्या दारात आले. कागद पुढे धरला. "ह्यो तुमच्याकडेच ठेवा. माका कधी राग इलो तर भायर काढीन. तुमची नोकरी जायत." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त एक करा, ताई. सगळा निवळला की कधीतरी बाईंच्या कानावर घाला, की माझ्या हातून नाव गळला नाय."

"घालते," मी म्हटलं. ते गेल्यावर कागदाचे बारीक तुकडे केले, संडासात टाकले आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

पुढच्या आठवड्यात दादांना पालिकेचं काम देऊ नये, असं पत्र निघालं. ते मीच टाईप केलं. बातमी गिरगाव ते लालबाग फिरली. शाळांच्या देणगीदारांच्या पाट्या गेल्या, मंडळांची कामं गेली. "महापौराचं नाव खाल्लं तोच ना हा?" असं लोक हसत विचारायचे. कामं गेली त्याचा विषय दादांनी कधी काढला नाही. मी दिसले की एवढंच विचारायचे, "ताई, बाई भेटल्या काय?" मी म्हणायचे, अजून नाही. पुढे पुढे मी वाडीच्या मागच्या दाराने जायला लागले.

मग पालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. महापौर बाई साध्या नागरिक झाल्या. मंत्रीही गेले, साहेबांची बदली झाली. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते, तेव्हा एका दुपारी त्या नातवाच्या जन्मदाखल्यासाठी आमच्या ऑफिसात आल्या. मी खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुम्ही तेव्हा होतात ना उद्घाटनाला?" त्या म्हणाल्या. "मी त्या कोरणाऱ्या काकांना नाही नाही ते बोलले. घरी जाऊन डोकं थंड झाल्यावर विचार केला. नाव विसरणारा माणूस त्या नावाची जागा बरोबर मोजून कशी सोडेल हो? त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. मला त्या कोणाशी घेणं नाही, ते राजकारण संपलं. पण म्हाताऱ्या माणसाला मी चारचौघांत उघडं पाडलं, ते झोपू देत नाही. त्यांचा पत्ता द्या. मी घरी जाऊन, शेजाऱ्यांदेखत पाया पडते त्यांच्या."

दादांना हवं होतं तेच, आणि मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त. आणि मला आता कोणाची भीती? साहेब नाहीत, मंत्री नाहीत, पेन्शनला धक्का नाही. पण बाई आमच्या वाडीत येणार. शेजाऱ्यांदेखत विचारणार, काका, कोणी सांगितलं होतं? दादा गप्प बसले असते, हेही मला ठाऊक होतं. तरी माझं नाव निघेल, शेजारणी माझ्याकडे बघतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"ते गावाला गेले, मॅडम," मी म्हटलं. "कायमचे."

"कुठलं गाव?"

"काही कल्पना नाही."

त्यांनी चहा अर्धा ठेवला, दाखला घेतला आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मागचं दार बंद होतं, म्हणून पुढून आत शिरले. दादा कट्ट्यावर बसले होते. हाक मारलीच. "ताई, रिटायर होतलात म्हणे? आता तरी बाईंका सांगशात मा?"

"भेटल्या की नक्की सांगते, दादा."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि दमून आलेय म्हणून सरकून मला कट्ट्यावर जागा करून दिली. आणि मी, निलाजरी, बसले.