भोंगा न झालेली दुपार

पुण्याच्या डॉक्टरांनी मुलीच्या चिठ्ठीवर ‘ऑटिझम’ लिहिलं होतं. सोलापुरात तो शब्द कुणाला ठाऊक नव्हता. शाळेतली मावशी सरळ म्हणायची, “पोरीला बाधा हाय.” मी बी.ए. होऊन तिथं मदतनीस लागले होते, संध्याकाळी गिरणी कामगारांची पत्रकं लिहायचे. बाधाबिधा ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

पण मुलगी होतीच तशी. नऊ वर्षांची, तोंडून शब्द नाही. रोज दुपारी अचानक कानांवर हात दाबायची, आणि मी दहा मोजेपर्यंत गिरणीचा भोंगा व्हायचा. तो थांबला की हात खाली, मग डबा.

“बघा की! तिला आदी कळतंय,” मावशी कुजबुजायची.

मी आठवडाभर खिडकीशी उभी राहिले. भोंग्याआधी वाफ सुटायची, गिरणीच्या छपरावरची कबुतरं उडायची. मुलगी कबुतरं बघत होती. संपली बाधा! मोठ्या बाईंना मी ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिनं परत एकदा ओरडून वर्ग डोक्यावर घेतला, तर शाळेतून नाव कमी करणार.”

नाव कमी म्हणजे घर. घरी आईबाप विणायला बसले की तिला मागाच्या खांबाला बांधत. दोघांनी विणलं नाही तर चूल पेटत नव्हती, मग दोष कुणाला द्यायचा?

त्यात संप आला. पत्रक माझंच. ‘उद्या एकही भोंगा होणार नाही!’

दुसऱ्या दिवशी शहर मेल्यासारखं गप्प होतं. कबुतरं छपरावर बसून राहिली. तरी वेळेला तिनं कानांवर हात दाबलेच. मी पुन्हा छपराकडे पाहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हात उतरेनात. तिच्या घशातून बारीक, एकसुरी आवाज निघाला, वाढत चालला. जिन्यात मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या.

“ताई, करा की कायतरी!”

काय करायचं ते मनात आलं. मी तोंड उघडलं नव्हतं, कुणाला बोलले नव्हते. वळून पाहिलं, तर वर्गातल्या सगळ्या मुलांनी कान झाकले होते.

मग मीच भोंगा दिला. खोल, लांब, दम संपेपर्यंत.

तिनं हात खाली घेतले. डबा उघडला.

“काय चाललंय हे?” मोठ्या बाई दारात.

“भोंगा झाला, बाई,” मावशी म्हणाली. “जेवाय बसलीत पोरं.”

नाव राहिलं. संप लांबला, तितके दिवस भोंगा मीच दिला. घड्याळ एकदाही बघावं लागलं नाही. तिचे हात कानांवर गेले की मी दहा मोजायचे.