मावशीच्या नेटवर्कातला पहिला पाट

जबलपुरात नर्मदेचं पाणी न प्यायलेला माणूस एकवेळ सापडेल, पण माझ्या मावशीने पोट उघडून न बघितलेलं यंत्र सापडणार नाही. दीक्षितपुऱ्यातल्या तिच्या घरी कधीही जा, कोणाचा मिक्सर, कोणाची इस्त्री, कोणाचा रेडिओ जमिनीवर आडवा पडलेला असतोच. जन्मभर शाळेत गृहविज्ञान शिकवलं बाईने, वय पंचाहत्तरीला टेकलं. पण हातात पेचकस आला की तिच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते मी तिच्या पोराच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "मेकॅनिकला बोलाव ना," म्हटलं की म्हणते, "काहून? त्याला काय चार हात आहेत?"

यंत्रांशी बोलण्याचाही तिचा एक शिरस्ता आहे. आपल्या इथल्या मराठी घरांत आत मराठी अन् उंबऱ्याबाहेर हिंदी, हे ठरलेलंच. मावशीने तोच कायदा यंत्रांना लावला. नवी वस्तू घरात आली की तिच्याशी हिंदी, तेही अगदी 'आप' लावून: "चलिए भैया, अब चालू हो जाइए." ती रुळली, मुकाट्याने काम करू लागली, की मग मराठी. फ्रिजला मराठी मिळायला एक अख्खा उन्हाळा जावा लागला. इन्व्हर्टर अजून हिंदीतच आहे, आणि मला नाही वाटत त्याची सुटका होईल.

घरातलं नेटवर्क मात्र तिने पंगतीसारखं मांडलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत पंगतीची सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं तिच्याकडे. कोण कुठे बसणार हे ती ठरवणार आणि अध्यक्षसुद्धा निमूट ऐकणार. तिच्या मते राउटर म्हणजे वाढपी, आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला आपापल्या नंबराचा पाट. वाढपी नंबर बघून वाढतो. आता हे नंबर राउटर आपले आपण वाटू शकतो, पण ते तिला कसं खपावं? "कोणीही यावं अन् कुठंही बसावं, असं नाही चालत माझ्या पंगतीत!" म्हणून सगळे नंबर तिने स्वतःच्या हाताने दिलेले. पहिला पाट प्रिंटरचा, कारण वयाने तो सगळ्यांत मोठा.

काका गेल्यापासून ती एकटी असते. मुलगा बंगळूरला, त्याच्याकडे ती राहत नाही. तिथे म्हणे सगळ्या वस्तू चालूच असतात, उघडायला काही मिळतच नाही. अशात एक दिवस नातीचा, कुहूचा फोन आला. कुहू मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी. "आजी, क्लास तो कहीं से भी ले सकती हूँ. आठ दिन आके देखती हूँ. नेट ठीक चला तो साल भर रहूँगी, नहीं तो वापस." मावशीने त्याच आठवड्यात वरची खोली धुऊन काढली आणि नातीसाठी नवा कॉम्प्युटर आणला. मला म्हणाली, "पोरगी येऊन राहिली गं. अन् नेट नाही चाललं तर?" तिचा आवाज मला पहिल्यांदाच म्हातारा वाटला.

म्हातारेपण टिकलं ते कॉम्प्युटर सुरू करेपर्यंत. त्यातल्या सिस्टीमने आधी तिचं नाव विचारलं, मग ईमेल, मग जन्मतारीख. मावशी खवळली. "माझ्याच घरात मलाच विचारून राहिला, आप कौन हैं! काढतेच याला." आणि काढलं की हो! पेनड्राइव्हवर फुकटची लिनक्स सिस्टीम उतरवून घेतली, जुनी समूळ पुसली. मुलगा फोनवर कळवळला, "आई, हात नको लावूस!" तिने फोन ठेवून दिला. मी म्हटलं, "मावशी, बिघडलं तर कुहू परत जाईल." तर मला म्हणते, "चूप बस अन् टॉर्च धर." स्क्रीन काळी झाली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. मग ती उजळली आणि बाईने अशी टाळी वाजवली की शेजारीण खिडकीत आली. नव्या सिस्टीमला वायफाय ओळखता येईना, तर मावशीने कपड्यांच्या दोरीच्या हुकांवरून जिन्याने वर तार नेली. तार खोचली, नेट आलं, आणि आळीभर खव्याची जलेबी वाटली गेली.

कुहू आली. सकाळचे क्लास झकास झाले. संध्याकाळी भर क्लासात नेट गायब. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. "आजी, मेरे बच्चे भाग जाएँगे," पोरगी रडकुंडीला आली आणि तिने बॅग भरायला घेतली. मावशी जेवली नाही. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती मंडळातल्या बायकांसाठी पाककृती छापायला बसत होती. हे तिचं रोजचं काम, जग बुडालं तरी चुकायचं नाही. तिने प्रिंटर चालू केला आणि वरून कुहू ओरडली, "फिर गया!" प्रिंटर बंद केला. "आ गया!" मावशीचा हात बटणावर तसाच राहिला.

"अगबाई! दोघांना एकाच पाटावर बसवलं की मी!"

झालं होतं असं, की नातीचं कौतुक करता करता तिने पहिला पाट नातीच्या कॉम्प्युटरला दिला होता आणि प्रिंटरला उठवायचं विसरली होती. प्रिंटर दिवसभर बंद, म्हणून भांडण नाही. संध्याकाळी तो जागेवर येऊन बसला की वाढपी गोंधळायचा, कोणाच्या पानात वाढू! जन्मभर पंगती सांभाळलेली बाई, आणि चूक करावी तर ही! हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग प्रिंटरच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "ऊठ रे बाबा. तू शेवटी बस. नात आली आहे."

नंबर बदलला आणि तिने पाककृतींचा सगळा गठ्ठाच छापायला लावला. कागद सटासट बाहेर पडत होते आणि वर कुहू निवांत अपूर्णांक शिकवत होती. क्लास संपला आणि जिन्यावरून हाक आली, "आजी, नेट चालून राहिलं! चहा टाक ना!"

मावशीने माझा हात घट्ट धरला. "ऐकलंस? मराठीत बोलली."

कुहू वर्षभर राहिली आणि पुढे दुसरी नोकरी लागली म्हणून गेली. वरचा कॉम्प्युटर बंदच असतो. परवा मी म्हटलं, "मावशी, प्रिंटरला त्याचा पहिला पाट परत दे की आता." ती कोणाच्या तरी इस्त्रीत डोकं घालून बसली होती. वर न बघताच म्हणाली, "काहून? जेवता जेवता कोणी फोन घ्यायला उठलं, तर त्याचं पान उचलतो का आपण?"