जॉब कार्डावरची सही

गाडी धुणाऱ्या इराण्णांनी पालथा हात चाकाजवळ नेला आणि मान हलवली.

“अण्णा, चाक तापलंय की ओ. स्वल्प थांबूया.”

मी फाटकाकडे पाहिलं. बसवनगुडीतल्या, गाड्या धुऊन चमकवून देणाऱ्या आमच्या डिटेलिंग स्टुडिओबाहेर पुढच्या क्रॉसपर्यंत, म्हणजे पुढच्या आडव्या गल्लीपर्यंत गाड्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी बेंगळुरूत सायकलसुद्धा धुतल्याशिवाय राहत नाही. मी तिथला सुपरवायझर होतो, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत निघणारी नवी ब्रँच मला द्यायची की नाही, हे मालक त्याच आठवड्यात ठरवणार होते.

गाडी एका पुण्याच्या मॅडमची होती. आयटीतली नोकरी, पहिलीच गाडी, पहिलीच पूजा. इलेक्ट्रॉनिक सिटीहून ट्रॅफिकमध्ये ब्रेक मारत मारत आल्या होत्या.

“प्लीज, लवकर होईल ना? आई-बाबा खास पूजेसाठी आलेत,” त्या म्हणाल्या.

“अर्ध्या तासात देतो,” मी म्हणालो. सांगायची काही गरज नव्हती.

चाकांबद्दल थोडं सांगतो. ब्रेक लागला की ब्रेक पॅड झिजतं आणि त्याची धातूमिश्रित काळी पूड अलॉय व्हीलवर बसते. तिला ब्रेक डस्ट म्हणतात. ती काढायची साधी रीत म्हणजे चाक गार होऊ द्यायचं, सौम्य क्लीनर मारायचा, मऊ ब्रशने घासायचं, धुऊन कोरडं करायचं. वेळ लागतो. दुसरा असतो ॲसिडचा क्लीनर. तो मिनिटात काम करतो, पण गरम चाकावर तो धुवायच्या आत वाळतो आणि खाली जे असेल ते खातो. मॅडमची चाकं डायमंड कट होती, म्हणजे लेथवर तासून चमकवलेली आणि वर पारदर्शक लॅकर दिलेली. त्यांना तर तो दाखवूही नये.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी कॅन उचलला आणि चारही चाकांवर ॲसिड मारलं.

इराण्णा पाइप घेऊन धावले. तोवर पहिल्या चाकावर दुधासारखे पांढरे डाग उठले होते. मी कापड घेऊन घासत बसलो, पण डाग वरचा नव्हताच.

मॅडम ओरडल्या नाहीत. वाकून चाकाला बोट लावलं आणि म्हणाल्या, “आता उद्या पूजा ह्याचीच करायची?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक केबिनमधून आले. “किसने किया ये?”

आमच्याकडे प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड असतं. गाडी आत आली की धुणारा माणूस वॉशच्या रकान्यात सही करतो. कॅन मी हातात घेतला हे कुठल्याच रकान्यात येत नव्हतं. मी कार्ड मालकांपुढे धरलं.

“सर, वॉशमध्ये इराण्णांची सही आहे.”

एवढंच म्हणालो. एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्याचीच मला आजही जास्त लाज वाटते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पण मी ॲसिड मारलं तेव्हा त्या वेटिंग रूममध्ये होत्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. इराण्णा निपाणीकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मीच त्यांना या कामाला लावलं होतं. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. इराण्णांनी हातातला पाइप नीट गुंडाळून खुंटीला अडकवला आणि ते गेले.

सणानंतर मालकांनी मॅडमची चाकं लेथवर पुन्हा तासून दिली. तासताना धातू कमी होतो, त्यामुळे हा उपाय फार वेळा करता येत नाही. वर कोटिंगही दिलं, म्हणजे धूळ चिकटू नये असा एक कडक थर. मॅडम खूश झाल्या. मला ब्रँच मिळाली.

महिन्याभराने मी मालकांना खरं सांगितलं. त्यांनी फोनवरून नजरही उचलली नाही. “अब क्या करना है? छोड़ दो.”

मी के. आर. पुरमला गेलो. इराण्णा तिथे एका वॉशिंग सेंटरवर टॅक्सी धूत होते.

“परत चला. मालकांना सगळं सांगितलंय मी.”

“आता सांगून काय करायचं, अण्णा? त्या दिवशी मी थांबा म्हटलो, तुम्ही थांबला नाही. मग तुम्ही बोलाल म्हणून मी थांबलो.” ते पुन्हा टॅक्सीकडे वळले. “सरी, असू दे. चहा घेऊन जावा.”

मी चहा अर्धा ठेवून निघालो.

आता माझ्या ब्रँचमध्ये ॲसिडचा क्लीनर ठेवतच नाही. गाडी आली की आधी अर्धा तास सावलीत, मग पाणी. नव्याने आलेली माणसं विचारतात, “सर, गरम चाकावर मारलं तर काय होतं?”

“पांढरे डाग पडतात,” मी सांगतो. तेवढंच सांगतो.