फाटकाला बांधलेली कुत्री

अंगणवाडीजवळून जाताना सुकडीचा गोडसर वास आला की बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी आलेली कुत्री आठवते. ती शेजारच्या बागायतदाराची. विहीर आटल्यावर हा गृहस्थ चांदीच्या ताटांसकट नगरला मुलाकडे राहायला गेला आणि कुत्रीला फाटकाला साखळीने बांधून विसरला. ताटं मात्र बरी आठवली. आईने साखळी तोडून तिला उचलून आणलं आणि दुष्काळी कामावर मिळालेली स्वतःच्या वाट्याची सुकडी पाण्यात भिजवून तिला भरवली. हळूहळू ती अंगणभर धावू लागली. दिवसभर खडी फोडून घरी आलेले वडील कुणाशी बोलत नसत, पण ती त्यांचा पटका ओढून पळाली की पोट धरून हसायचे. पुढे पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं आणि पाठोपाठ तो बागायतदार इस्त्रीच्या धोतरात आमच्या दारात उभा राहिला. "आमची कुत्री न्यायला आलोय," म्हणाला. कुत्री शेपटी हलवत गेली आणि त्याचा हात चाटू लागली. तो ऐटीत म्हणाला, "बगा, वळख ठेवलीय तिनं." आई शांतपणे म्हणाली, "तिनं ठेवली. तुमी कुटं ठेवली?" मग तिने कुत्रीला हाक मारली, ती धावत आत आली आणि आईने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. पुढे तो गावात मोठा माणूस झाला. वारला तेव्हा दहाव्याला सगळं गाव नदीवर लोटलं होतं. मी गेले नाही, आणि त्याची मला आजही खंत वाटत नाही.