बाळाच्या गोधडीचं कापड

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळाची गोधडी आजोळची, हे आमच्याकडं ठरलेलं. पण ती शिवणारी, माझी बायको, गेल्या साली गेली. विकतची आणा, असं सगळे म्हणाले. मी हट्टाला पेटलो. जन्मभर सुतळीनं पोती शिवली होती, गोधडीचं एवढं काय!

लोहाऱ्याच्या बाजारातून पिवळं, फुलाफुलांचं नवंकोरं कापड आणलं. पलीकडच्या गल्लीतल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, ते बोटांत चुरगाळून पाहिलं.

"खळीचं हाय. लेकराचं अंग सोलून निघंल. त्याला जुनेर लागतंय, धुऊन धुऊन मऊ झालेलं. घरात लुगडी न्हाईत व्हय?"

होती की, बायकोची, पत्र्याच्या पेटीत. मी वरची चकचकीत, लग्नकार्याची काढली. अक्का हसायला लागली.

"ह्याच्यावरनं सुई बी घसरती अन् लेकरू बी. रोजचं सुती बघ."

रोजचं सुती एकच उरलं होतं, जांभळं. उजेडाला धरून बघ, अक्का म्हणाली. विरलेलं आत घालायचं, दमाचं वर. मी धरलं. पदराचं टोक पार विरलेलं. भाकऱ्या करून उठली की ती तिथंच हात पुसायची. भांडण झालं की तोंड फिरवून डोळेही तिथंच, आणि मला कळत नाही असं तिला वाटायचं. कात्री कितीतरी दिवस खुंटीलाच राहिली. पण लेकीचे दिवस भरत आले होते. शेवटी कापलं. पदर आत घातला.

एक टाका सोलापूरला, तर दुसरा तुळजापूरला. लेक आली तेव्हा गोधडी पलंगावरच होती. हसेल म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "पहिलीच हाय गं."

ती हसली नाही. गोधडीत तोंड खुपसून आडवी झाली. आई गेली तेव्हा ही पोर पाहुण्यांचे चहा करत घरभर फिरली होती, डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता हमसून हमसून रडली. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा.

बऱ्याच वेळानं ती उठून बसली.

"बाबा, ही मी घेणार. बाळाला दुसरी शिवा."

"आता सुती कुठलं आणू? तिचं तेवढंच होतं."

"आई मला राहू द्या," ती म्हणाली. "बाळासाठी तुमचं धोतर फाडा."

त्याच संध्याकाळी मी धोतर भिजत घातलं.