लिहून न घेतलेली साक्ष

सर्कल अधिकारी आईला म्हणाले, "बाई, साक्ष द्या." आई उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "परभूची स्तुती असो. मी पूर्वी अंधारात हुते. पापात हुते. परभूनं मला हाक मारली..."

चावडीपुढं पन्नासेक माणसं होती. आधी कोणीतरी खोकलं. मग हसू फुटलं ते आवरेचना. तलाठ्यानं तोंडावर रुमाल धरला. सर्कलनी पेनाचं टोपण लावून टाकलं. आई डोळे मिटून बोलतच राहिली.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे हेच. दर रविवारी उपासनेत पाळक विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का. ज्याला द्यायची तो उभा राहतो, आधी आपण कोण होतो ते सांगतो, मग प्रभूनं काय केलं ते सांगतो. आईला या शब्दाचा दुसरा अर्थच माहीत नव्हता. तिला वाटलं, सरकारही तसंच ऐकून घेतं. पुढं ती मुद्द्यावर येणारच होती. आमच्या कबरस्तानाला लागून आबांचं रान. आबांनी नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टर आत घातला आणि कबरींच्या दोन ओळी रानात घेतल्या. त्यात माझ्या बापाची कबर होती. आई तेव्हा बांधावर गवत कापत होती. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या कोणी नाही.

आबा गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "भाऊसाहेब, दूधपावडरीचं शास्तर हाय ह्यांचं. आज्यानं दुष्काळात मिशनची पावडर खाल्ली अन् देव बदलला. असल्यांची साक्ष काय लिवून घेता?"

सर्कलनी नाही लिहिली. मग आबांचा जबाब झाला. "ही वहिवाट आमच्या आज्यापास्नंची हाय, असं मी ऐकलंय." तो लिहिला. ऐकलेलं लिहिलं गेलं. पाहिलेलं हसण्यावारी गेलं.

आबांच्या खुर्चीमागं त्यांची नात उभी होती. वैशाली. सातवीत माझ्याच वर्गात होती. ती हसत होती, हसता हसता तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मीही हसले. माझ्या आईला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

वैशालीवर मी जळत होते. तिच्या दोन वेण्यांवर, नव्या दप्तरावर, पण सगळ्यात जास्त जळत होते ती तिच्या घरातल्या पोथीवर. श्रावणात आबांच्या ओसरीवर पोथी लागायची. लाल फडक्यातून काढायची, पाटावर ठेवायची, निम्मा गाव ऐकायला बसायचा. ती कोणी लिहिली, कधी लिहिली, खरी कशावरून, असं आबांना कोणी विचारायचं नाही. मला मात्र शाळेत, पिठाच्या गिरणीत, घोडेगावच्या बाजाराला जाताना जीपमध्येसुद्धा विचारायचे. तुमचं पुस्तक गोऱ्यांनी लिहिलं ना? त्यात बदल केलेत ना? मला उत्तर यायचं नाही. मला त्यांची पोथी नको होती. त्यांचं ते न विचारलं जाणं हवं होतं. ते वैशालीला जन्मतःच मिळालं होतं आणि तिला त्याची खबरही नव्हती, म्हणून अजूनच जळायला व्हायचं.

आमच्या वस्तीत तेव्हा नीट वाचता येणारी मी एकटी. संध्याकाळी मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे आणि सात-आठ बाया ऐकायच्या. एकीलाही अक्षरओळख नव्हती. मिशनच्या बायबलबाई वस्तीत येऊन शिकवायच्या त्या काळात या बायांच्या आयांनी कानानं पाठ केलेलं, यांनी आयांकडून. एकदा मला खेळायला जायची घाई होती. मी हळूच दोन ओळी गाळल्या. आईनं तिथंच धरलं. "त्या बाईला परभू काय म्हनला ते ऱ्हायलं की." बाकीच्याही माना हलल्या. मी चिडले. वाचणारी मी, आणि चूक काढणार या. पुन्हा मागं जाऊन वाचावं लागलं. तेव्हा हे काय आहे ते मला कळलं नाही. पुस्तकात बदल केलेत म्हणणाऱ्याला या सात-आठ बायांसमोर बसवायला हवं होतं.

पुढं मी शिकले. नागापूरला एमआयडीसीत नोकरी लागली. यंत्राचे सुटे भाग तपासते. हातातला भाग मापाशी ताडून बघायचा, जुळला तर पुढं, नाही तर बाजूला. आईला घेऊन तिथंच राहते. तिथल्या मंडळीत एकदा एक तरुण उपदेशक आला. बंगल्यातला, तीन पिढ्यांपासून मास्तर आणि पाळक असलेल्या घरातला. शास्त्र विश्वसनीय का, यावर तो तासभर बोलला. हातानं उतरवलेल्या जुन्या प्रती किती ठिकाणी सापडल्या, त्या एकमेकींशी कशा ताडल्या, फरक कुठं आणि किती किरकोळ, सगळं न अडखळता. मला पटलं. माझं कामच ते. आणि ऐकता ऐकता मी त्याच्यावर जळतही होते. हे सातवीत मला का कोणी दिलं नाही? यांच्या कपाटात उत्तरं होती आणि आम्ही तिकडं पावडरीचे म्हणून शिव्या खात होतो.

शेवटी आईनं हात वर केला. काहीतरी सांगायचं होतं तिला. तो गोड हसला. "मावशी, तुम्ही फक्त विश्वास ठेवा. पुराव्याचं आम्ही बघतो." आईनं हात खाली घेतला. चावडी आठवली मला. पण मी तेव्हाही गप्प बसले, कारण तो माझ्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला होता आणि मी त्यातच खूश होते.

चार दिवसांपूर्वी वैशाली आमच्या खोलीवर आली. आता गावची सरपंच आहे. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी खाली लावून ती एकटीच वर आली, कॉटवर बसली, चहा घेतला. म्हणाली, "अगं, आपण दोघी एका वर्गातल्या. तुझ्याकडं यायला मला लाज कसली?"

या एका वाक्याची मी पंचवीस वर्षं वाट पाहत होते. खोटं कशाला बोलू.

तिनं कागद काढला. ग्रामपंचायत कबरस्तानाला भिंत बांधणार होती. पक्की, फाटकासह. फक्त आता जी हद्द आहे तीच पहिल्यापासून आहे, असा वस्तीतल्या जुन्या माणसांचा जबाब हवा होता. बाकीच्यांनी दिला होता. पाळकांचीही हरकत नव्हती. राहिला होता आईचा अंगठा. सोमवारी मोजणीवाले येणार होते.

मी कागद वाचला. भिंत बापाच्या कबरीच्या अलीकडून जात होती, म्हणजे कबर त्यांच्या रानातच राहणार होती. तरी माझ्या मनात आलं, देऊन टाकावा. वैशाली पुन्हा येईल. गावात गेले की तिच्या ओसरीवर बसेन. माणूस हेव्यापोटी काय काय विकायला काढतो ते मला त्या दिवशी दिसलं. तिनं आणलेला शाईचा पॅड मी हातात घेतला होता.

आई म्हणाली, "काय लिवलंय ते मोठ्यानं वाच."

मी वाचलं. या खेपेला काही गाळलं नाही.

"ही लबाड साक्ष हाय," आई म्हणाली. "शास्त्रात देऊ नको म्हनून सांगितलंय. मी न्हाई देनार."

वैशालीला राग आला, पण ती आवाज चढवत नाही. म्हणाली, "मावशी, रागावू नका. त्या पुस्तकातला एक शब्द तरी तुम्हाला वाचता येतो का? मग ते खरं कशावरून धरता?"

तोच प्रश्न. मी उपदेशकाची उत्तरं आठवायला लागले.

आई भिंतीला टेकून बसली होती. सावकाश बोलली. "पेत्राचं ऐक. परभूचा जवळचा मानूस. परभूला धरून नेलं तवा तीनदा म्हनला, मी ह्याला वळखत न्हाई. म्होरं तोच मंडळीचा मोठा झाला. एवढं पुसून टाकलं असतं तर कोन इचारनार हुतं? न्हाई पुसलं. बायांनी परभूची कबर उघडी बघितली. सांगत आल्या, तर बाप्यांनी बडबड म्हनून सोडून दिलं. बायांच्या साक्षीला तवा बी इचारत नव्हते. मग एकांदा बाप्या पैला बघनारा म्हनून घालायचा की. न्हाई घातला. ज्यांनी बघितलं त्यांचंच लिवलं. लबाड लिवनारा आधी आपली लाज झाकतो, बाई. ह्यांनी न्हाई झाकली. म्हनून मी धरते."

वैशालीनं खाली पाहिलं. तिचा चहा अर्धा राहिला होता. मला पेत्राचं ऐकवत नव्हतं. चावडीपुढं आईचे डोळे मिटलेले होते, कान मिटलेले नव्हते. माझं हसणं तिला ओळखू आलं असेल का, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी काढलं नाही. त्या दिवशीही काढलं नाही.

मी पॅड खाली ठेवला आणि कागद वैशालीच्या हातात दिला. म्हणाले, "अंगठा मिळणार नाही. जबाब हवा असेल तर सोमवारी आईचा पूर्ण लिहून घ्या. ती जिथून सुरू करेल तिथून."

"अगं, तुमच्याच लोकांची भिंत राहून जाईल."

"राहू दे."

ती गेली. पाळकांचा फोन आला, वस्तीतल्या दोघांचे आले. एका कबरीपायी सगळ्यांचं अडवता म्हणाले. त्यांचंही चुकत नाही. त्यांना तिथं राहायचंय.

परवा सोमवार. मी रजा टाकली आहे. आईला घेऊन जाणार आहे. ती पदर घेईल, डोळे मिटेल आणि पूर्वी अंधारात होते, इथून सांगायला लागेल. लोक हसतील. हसू देत. तिचं लिहून झाल्यावर मी उभी राहणार आहे. माझा जबाब मी ज्या दिवशी आईला हसले त्या दिवसापासून सुरू करीन. मोजणीवाले म्हणतील, बाई, याचा हद्दीशी संबंध नाही. मी सांगणार, आधी हे लिहा. स्वतःची लाज सांगून झाली की मग मी चावडीची सांगते.

वैशालीचा हेवा अजून वाटतो. तिच्या गाडीचा, तिच्या शब्दाला असलेल्या वजनाचा. तो जाईल असं मला वाटत नाही. पण त्या हेव्यापायी मी सही करणार नाही. बाप भिंतीच्या आत आल्याशिवाय कोणत्याच कागदावर नाही.